शब्द वहीत असतो, ओठावर येत नाही

इंग्रजी शिकायला बसलेल्या माणसाची पहिली खरेदी म्हणजे दोनशे पानी वही. मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज दहा शब्दांचा नेम. पहिले पंधरा दिवस उत्साहाचे. मग पाहुणे येतात, मुलांच्या परीक्षा येतात आणि वही रद्दीत जाते. वही सोडून देणाऱ्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती नेटानं वही भरणाऱ्यांची.

नवऱ्याच्या नोकरीमुळे लातूरकडून बंगळुरूला गेलेली एक भगिनी अशीच नेटाची. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. हिचं शिक्षण त्याआधीचं, मराठी माध्यमातलं, इंग्रजी पाचवीपासून. बंगळुरूत तिनं दोन वह्या भरल्या. एकदा नवरा गावाला गेला असताना मुलाच्या शाळेत पालकसभेला तिला एकटीला जावं लागलं. बाई म्हणाल्या, ‘‘ही इज रिलक्टंट टू रीड अलाउड.’’ ‘रिलक्टंट’ हा शब्द वहीत होता. डाव्या पानावर, वरून तिसरा, हेही तिला आठवलं. अर्थ मात्र आठवला नाही. ती हसून ‘थँक यू’ म्हणाली आणि घरी आली. मुलगा वर्गात मोठ्यानं वाचायला तयार होत नाही, हे घरात कळलं ते चार महिन्यांनी, प्रगतिपुस्तकावर तसा शेरा आल्यावर.

यात बुद्धीचा दोष नाही. हीच बाई कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी कानडीत घासाघीस करते, आणि कानडीची तिनं एकही वही घातलेली नाही. ‘एष्टु’ म्हणजे किती, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं, कारण उत्तर आल्याशिवाय कांदे मिळणार नव्हते. बंगळुरूच्या हॉटेलात एका कॉफीचे दोन पेले हवे असतील तर ‘वन बाय टू’ म्हणतात. तेही कुणी पाठ करत नाही. (तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे कानडीतून आलेले शब्द आपल्या पूर्वजांनी तरी कुठे पाठ केले होते?) गरजेच्या वेळी भेटलेला शब्द राहतो. यादीत भेटलेला शब्द यादीतल्या शेजाऱ्यांना धरून राहतो. पाढ्यांचंही तसंच असतं. मध्येच कुणी ‘सात आठे किती?’ विचारलं, की मूल ‘सात एके सात’पासून सुरुवात करतं.

आणि योगायोग असा, की शिकवण्याच्या बाबतीत या विचाराचा एक गाजलेला प्रयोग याच शहराच्या नावानं जगभर ओळखला जातो. १९७९ मध्ये एन. एस. प्रभू हे ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात होते. बंगळुरूच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशच्या साथीनं त्यांनी दक्षिणेतल्या काही साध्या शाळांमध्ये व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांना कामं दिली. रेल्वेचं वेळापत्रक वाचून कोणती गाडी सोयीची ते सांगा, नकाशावर रस्ता शोधा, बाजारातल्या दरावरून हिशेब करा. बोलणं इंग्रजीत, पण लक्ष उत्तराकडे. हे पाच वर्षं चाललं. १९८४ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा साधारणपणे आपापल्या पद्धतीच्या कसोटीत ज्याची त्याची मुलं पुढे निघाली, आणि प्रयोगाला त्यांनी दिलेला कौल सावध होता. प्रभूंचा रोख मुख्यतः व्याकरणावर होता, शब्दांवर नव्हे. तरी १९८७ साली त्यांनी पुस्तकात मांडलेली ही हकिगत वाचताना मला वाटतं, आपल्या वह्यांचं दुखणं तिथे बरोबर सापडतं. वहीतल्या शब्दाला काही कामच नसतं.

तेव्हा शब्दाला काम द्या. मुंबईला जाणाऱ्या उद्यान एक्स्प्रेसचं वेळापत्रक घ्या आणि सोलापूरला उतरणाऱ्या आत्याला ते इंग्रजीत समजावून सांगायचं आहे असं धरा. ‘अराइव्ह’, ‘डिपार्ट’, ‘हॉल्ट’, ‘लेट’ हे शब्द लागतीलच. पालकसभेला जायचं असेल तर आदल्या रात्री तुम्हाला खरोखर विचारायचे असतील ते चार प्रश्न लिहा आणि तेवढेच शब्द कोशात पाहा. वहीच हवी असेल तर शब्द एकटा लिहू नका, त्याच्या सोबत्यासह लिहा. आपण चहा ‘कडक’ म्हणतो, इंग्रजीत तो ‘स्ट्राँग टी’. पाऊस आपला ‘जोराचा’, त्यांचा ‘हेवी रेन’. गॅस, कुकर, प्लग, फ्यूज हे तर तुमच्याच घरातले शब्द. त्यांना फक्त क्रियापद जोडायचं: ‘टर्न ऑफ द गॅस’. मराठी अर्थ लिहू नये, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. अर्थ लिहावा, पण पानाच्या मागे, म्हणजे आठवल्याशिवाय दिसणार नाही.

कारण खरी मेहनत वाचण्यात नाही, आठवून काढण्यात आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं अर्थ नसलेली अक्षरं स्वतः पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सर्वांत वेगानं विसरतं ते पहिल्या काही तासांत, मग विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. म्हणून सकाळचा शब्द रात्री एकदा आठवायचा, मग दोन दिवसांनी, मग आठवड्यानं. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणत, त्यात हे शहाणपण होतंच. फक्त इथे क्रम मोडायचा. सेबास्टियन लाइटनर यानं १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन आडवे कप्पे केले तरी भागतं. पुढे वाक्य, मागे अर्थ अशी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात टाकायची आणि तो कप्पा रोज काढायचा. बरोबर आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, तो दोन-तीन दिवसांनी, शेवटचा आठवड्यानं. चुकलेली चिठ्ठी पुन्हा पहिल्या कप्प्यात. दिवसाला पाच नव्या चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या.

चिठ्ठी काढून विचारण्याचं काम घरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना द्यावं, त्यांना मजा वाटते. आईच्या उच्चारांना हसायचं नाही, एवढी अट आधीच घालून ठेवावी. आणि हसलंच कुणी, तर त्याच्याकडून मराठीत अठ्ठावन्न, एकोणसाठ, एकोणसत्तर म्हणून घ्यावं.