पवळाबाईंचे नाव कोठे लिहावे?

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाची तयारी सुरू असताना नववीच्या एका मुलीने लावणीसाठी नाव दिले. आम्ही ते यादीतून खोडले. ती विचारावयास आली, "सर, लावणी वाईट काहून?" "आपल्या शाळेत ते चालत नाही," एवढेच आम्ही म्हणालो. मुलगी निमूटपणे निघून गेली. इतिहास शिकविणाऱ्याने कारण न सांगता नकार द्यावा, हे मात्र आमच्या मनाला लागून राहिले. जे उत्तर त्या दिवशी द्यावयास हवे होते, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने देत आहोत.

तमाशात पूर्वी स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. पायांत चाळ बांधलेला नाच्या हा फडाचा आधार असे. आपल्या विदर्भातील खडी गंमतीत ही रीत दीर्घकाळ टिकून होती. तमाशाच्या बोर्डावर स्वतः उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या पवळाबाई. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे त्यांचे गाव आणि जन्म महार समाजातला. पुढे त्या पठ्ठे बापूरावांच्या साथीने उभ्या राहिल्या. बापूरावांची कवने आणि पवळाबाईंचे गाणे-नाचणे यांनी मुंबईपर्यंत प्रेक्षक वेडे केले.

बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण्य सोडून ते तमाशात आले, म्हणून त्यांच्या त्यागाची थोरवी आजही गायिली जाते. पवळाबाईंच्या वाट्याला हा शब्द आला नाही. वरून खाली उतरणाऱ्याचा त्याग दिसतो. जिला आधीच खाली ठेवले होते, तिचे कष्ट हा तिचा जातिधर्मच मानला गेला. १९५० साली या दोघांच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्याचे नावही 'पठ्ठे बापूराव' असेच होते.

महाडच्या लढ्याच्या काळात बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न चळवळीस देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असा प्रसंग आपल्याकडे सांगितला जातो. आमच्या लेकीबाळींना नाचवून मिळालेला पैसा नको, ही त्यामागील भूमिका. पुढे १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळी, जोगतिणी यांच्यासमोर बोलतानाही त्यांनी हे जिणे सोडून स्वाभिमानाने जगण्याचे आवाहन केले. बाबासाहेबांचा आक्षेप कलेला नव्हता. भीमराव कर्डकांचे जलसे ही तर चळवळीची वाणी होती. आक्षेप होता तो अशा व्यवस्थेला, जी एका जातीच्या स्त्रीला दिवसा अस्पृश्य ठरवी आणि रात्री तिच्यावर दौलतजादा करी.

तो नकार योग्यच होता, याविषयी आम्हांला शंका नाही. त्या नकारामुळेच आपल्या आज्या-आयांनी चाळ उतरविले आणि मुलींच्या हाती पाटी दिली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरास सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तेव्हा हजारो स्त्रिया जमल्या होत्या. तेथे त्या कोणाच्या मनोरंजनासाठी आल्या नव्हत्या, ठराव करण्यासाठी आल्या होत्या. आजही एखादा पालक मुलीच्या पायांत घुंगरू पाहून अस्वस्थ होतो, तेव्हा त्यामागे पिढ्यांचा अनुभव असतो. त्याला मागासलेपणा म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु येथेच आपल्याकडून एक चूक घडली. व्यवस्था नाकारताना आपण तिच्यात राबलेल्या स्त्रीलाही नाकारले. जलशाच्या मंचावर बहुतांशी पुरुषच उभे राहिले आणि त्यांची नावे आपल्या पुस्तकांत आली, ते उचितच झाले. पवळाबाईंचे नाव घेताना मात्र आपण दबक्या आवाजात बोलतो. ज्यांनी शोषण केले त्यांना लाज नाही आणि जिचे शोषण झाले तिची आपल्याला लाज वाटावी, हा न्याय मनूचा आहे, बाबासाहेबांचा नाही. नारायणगावच्या विठाबाई मांग यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. टाळ्या वाजविणारा समाज कलावंत स्त्रीला माणूस म्हणून सांभाळीत नाही. निदान आपण तरी तिला विसरू नये.

मग त्या मुलीला काय सांगावयास हवे होते? आम्ही म्हणालो असतो : बाळ, लावणी वाईट नाही. ती कोणाला, कोणासाठी आणि कोणत्या सक्तीने नाचावी लागली, ते वाईट होते. आधी पवळाबाई कोण होत्या ते वाच, वर्गात सर्वांना सांग, मग मंचावर जायचे की नाही ते तूच ठरव. निवड तुझ्या हाती असणे, एवढ्यासाठीच ही शाळा आहे.

माजी विद्यार्थी व पालकांना आमची एक विनंती आहे. आपल्या घराण्यात कोणी आजी-पणजी फडात गायिली, नाचली, डफ-तुणतुण्याच्या साथीने उभी राहिली असेल, तर तिचे नाव आणि गाव एका कागदावर लिहून शाळेकडे द्यावे. फोटो नसला तरी चालेल. शाळेच्या ग्रंथालयात या नावांसाठी एक वही ठेवावी, असा आमचा आग्रह आहे. तिच्या पहिल्या पानावर पवळाबाईंचे नाव आम्ही लिहू. दुसरे पान आपल्यासाठी कोरे ठेवू.