किलो मोजले, मुले?

दुबईहून आलेला तो कंटेनर पनवेलजवळच्या आजिवलीत कित्येक महिने नुसता उभा होता. कागदोपत्री आत संगमरवर. डिसेंबर २०२१ मध्ये तो न्हावाशेवा बंदरात उतरला, पण माल सोडवायला कोणी फिरकले नाही. जुलै २०२२ मध्ये पंजाब पोलिसांकडून खबर आली, नवी मुंबई पोलिसांनी कंटेनरच्या दरवाजाची चौकट फोडली आणि आतून साडेबहात्तर किलो हेरॉइन निघाले. किंमत सांगितली गेली ३६२ कोटी रुपये. पनवेलचे नाव देशभर झळकले. खबर मात्र पंजाबातून यावी लागली, हे त्या गाजावाजात विरून गेले.

याच न्हावाशेवाच्या वाटेने आलेली सोंगे तरी किती! ऑगस्ट २०२० मध्ये आयुर्वेदिक औषध म्हणून १९१ किलो हेरॉइन आले. जुलै २०२१ मध्ये संगजिऱ्याच्या नावाखाली जवळपास ३०० किलो. पुढे ज्येष्ठमधाच्या काड्यांवर हेरॉइनचा लेप चढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर वाशीत आयात संत्र्यांच्या खोक्यांतून १९८ किलो मेथॅम्फेटामिन सापडले. प्रत्येक वेळी तोच फोटो: टेबलावर पाकिटांची रास, मागे अधिकारी रांगेत, खाली कोटींचा आकडा. हा आकडा कोणत्या बाजारातल्या कोणत्या भावाने काढतात, हे कोणी विचारत नाही.

या कारवायांचे मोल कमी नाही. पण बंदरातला बहुतेक माल पुढे जाण्यासाठी येतो. खारघर, कामोठे, कळंबोलीतल्या अकरावी-बारावीच्या मुलापर्यंत पोचते ती पुडी बहुधा गांजाची किंवा एमडीची, आणि एमडीला समुद्र ओलांडावा लागत नाही. मेफेड्रोन म्हणजेच एमडी २०१५ पर्यंत अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही नव्हते. यादीत आल्यावर धंदा बंद पडला नाही, शेडमध्ये शिरला. डिसेंबर २०२३ मध्ये रायगड पोलिसांनी खोपोलीजवळच्या ढेकूत एका कारखान्यावर छापा घातला. पाटी विजेच्या साहित्याची, आत सुमारे ८५ किलो एमडी. त्याआधी दोन महिने अशाच कारखान्यामुळे नाशिकजवळचे शिंदे गाव गाजले होते, नंतर दोन महिन्यांनी पुणे जिल्ह्यातले कुरकुंभ. कारखान्याला भाडेकरार लागतो, वीज लागते, पाणी लागते, ड्रमच्या ड्रम रसायने लागतात आणि सांडपाण्याला वास असतो. म्हणजे जागेचा मालक, वीज कंपनी, औद्योगिक विकास महामंडळ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या चौघांच्या दप्तरांत त्याची खूण उमटतेच. ही चार दप्तरे एकमेकांशेजारी ठेवून वाचायची जबाबदारी कोणा एकावर टाकली, तर पुढचा ढेकू खबऱ्याची वाट न पाहता सापडू शकेल. तळोज्यासारखी रासायनिक वसाहत उंबरठ्याशी असलेल्या पनवेलने हा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये अमली पदार्थांचे गुन्हे मोक्काच्या कक्षेत आणले. टोळी पोसणाऱ्या सावकारासाठी हे ठीकच. प्रश्न आहे तो खिशात ग्रॅमभर पुडी सापडलेल्या पोराचा. ‘एकदा आत टाका, म्हणजे धडा मिळेल’ असे म्हणणारे पालक सोसायटीच्या बैठकीत भेटतात. ते बहुधा दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलत असतात. स्वतःच्या घरात कळले की दार लावून घेतले जाते. वास्तविक अमली पदार्थविरोधी कायदा एवढा निर्दय नाही. थोड्या प्रमाणासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. हे कलम किती पोलीस ठाण्यांच्या भिंतीवर लावलेले दिसते? आणि सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन रुमालावर ओतून हुंगणाऱ्या स्टेशनवरच्या पोराला तर या कायद्याचा स्पर्शच नाही, कारण सोल्युशन कोणत्याच अनुसूचीत नाही. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली, जिचे प्रमाण मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत जास्त होते: ०.५८ टक्क्यांसमोर १.१७ टक्के.

त्या पाहणीतून राज्याचा अंदाज मिळतो, कामोठ्याचा नाही. वस्तीचा अंदाज वस्तीतच मोजावा लागतो, आणि आइसलँडने नेमके हेच केले. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आले. वर्गात निनावी प्रश्नावली भरून घ्यायची, निकाल काही आठवड्यांत त्याच वस्तीच्या शाळांना आणि पालकांना द्यायचा, खेळ-संगीताच्या शुल्कासाठी कुटुंबांना पैसे द्यायचे, रात्री मुले घरी असतील हे पालकांनी मिळून ठरवायचे, असा तो उद्योग. ‘छोटा देश, त्यांना जमते’ हा आक्षेप येईलच. तर आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे आणि पनवेल महापालिका हद्दीची २०११ च्या जनगणनेनुसारच पाच लाखांवर.

शिक्षेऐवजी उपचाराच्या वाटेचा महाराष्ट्राला अनुभव नाही असेही नाही. गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, शहरे पोखरली तेव्हा अनिल अवचटांनी ती दुनिया लिहून उघडी केली, आणि १९८६ मध्ये सुनंदा अवचटांसह पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले; पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिले. तिथे व्यसनी माणूस गुन्हेगार नव्हे, रुग्ण म्हणून दाखल होत आला आहे. पनवेलच्या पालकाला मात्र आज १४४४६ किंवा १९३३ या मदतवाहिन्यांचे क्रमांकही शोधावे लागतात.

२६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात. फलक तेच, शपथ तीच. पनवेल महापालिकेने त्याऐवजी आठवी ते बारावीच्या वर्गांत निनावी प्रश्नावली वाटावी: नाव नको, हजेरी क्रमांक नको, वर्गात पोलीस नको. पुस्तके उघडलेली असतात, मुले वर्गात असतात. सर्वसाधारण सभेत त्यासाठी एक ठराव लागेल, आणि दिवाळीच्या सुटीआधी प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर त्याच्या शाळेचा आकडा असेल.