आईच्या वस्तूंचे फोटो

जातं, पितळी तांब्या, कंदील यांची सुरेख मांडणी करून काढलेले ‘जुन्या आठवणीं’चे फोटो पाहिले की हळवं होण्याऐवजी मला राग येतो. पहाटे उठून त्या जात्यावर कोण दळत होतं, याचा मागमूसही त्यांत नसतो. कष्ट पुसले जातात, उरते नुसती शोभा.

वस्तूंमधून माणूस आठवण्याची दुसरीही रीत आहे. जपानी छायाचित्रकार इशिउची मियाको यांची आई २००० साली वारली. त्यांनी आईच्या वापरलेल्या लिपस्टिक, अंतर्वस्त्रं, कवळी यांचे फोटो काढले. २००५ मध्ये व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात जपानतर्फे ते मांडले गेले. पुढे हिरोशिमाच्या संग्रहालयातले अणुबॉम्बच्या बळींचे कपडेही त्यांनी असेच टिपले. यात माया आहे, पण सारवासारव नाही. आणि ‘इशिउची मियाको’ हे मुळात त्यांच्या आईचं माहेरचं नाव. लग्नात मागे पडलेलं ते नाव लेकीने स्वतःसाठी घेतलं.

आपल्याकडे बाई गेली की तिच्या साड्या वाटल्या जातात. घर, शेत तर बहुतेकदा तिच्या नावावर नसतंच. मग ती जगली, राबली याचा पुरावा कोणता? एका बाजूने झिजलेलं उलथणं, दोरा बांधलेला चष्मा, खुरपं.

मैत्रिणींनो, वाटणीआधी या वस्तूंचे फोटो काढा. सजवू नका. फोटोमागे तिचं नाव लिहा, माहेरचंसुद्धा. सातबाऱ्यावर नाही तर निदान इथे तरी ते असू दे.