मोबाइल येतो, म्हणून संगणक येत नाही

‘ही पोरं मोबाइल हातात घेऊनच जन्मली, त्यांना संगणक काय शिकवायचा?’ असं प्राध्यापकच म्हणतात. शिक्षणविषयक लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये नव्या पिढीला ‘डिजिटल नेटिव्ह’ ठरवलं, तेव्हापासून हा समज पक्काच झाला.

तो साफ चुकीचा आहे. मोबाइलवर फाइल कुठे साठते हे कळावंच लागत नाही. ॲप ती समोर आणून ठेवतं. म्हणून एम.ए.च्या वर्गातही अनुक्रमणिका टिंबं देऊन हाताने जुळवणारे, एक पान वाढलं की सगळे आकडे पुन्हा बदलणारे विद्यार्थी भेटतात. एक्सेलमध्ये तक्ता आखतात, बेरीज मोबाइलवर करतात. हा त्यांचा आळस नव्हे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात जेमतेम ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, शहरांत २३.४ टक्के. घरात यंत्र नसलेल्या मुलाला ते आपोआप येईल असं धरून चालणं हा अन्याय आहे.

एमएस-सीआयटी असते की, असंही म्हणतात. त्या अभ्यासक्रमाने गावोगावच्या मुलांच्या हाती माउस दिला, हे मान्यच. पण सुट्टीत केलेल्या कोर्सची स्वतःच्या विषयाशी गाठ पडली नाही, तर उरतं ते प्रमाणपत्र.

विषयाशी गाठ पडते तेव्हा काय घडतं? राईनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा शोधनिबंध सांगत होता की, सरकारी कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की वाढ खुंटते. युरोपातल्या काटकसरीच्या समर्थनार्थ त्याचे दाखले दिले जात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने वर्गातला अभ्यास म्हणून तो पडताळायला घेतला, लेखकांकडून एक्सेलची फाइल मागवली. सरासरीच्या फॉर्म्युल्यातून पाच देश सुटलेले त्याला दिसले. आणखीही त्रुटी निघाल्या. २०१३ मध्ये दोन प्राध्यापकांसह त्याने त्या मांडल्या. फॉर्म्युल्याची चूक लेखकांनी कबूल केली.

‘आता एआय सगळं करून देतं’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. फॉर्म्युला कुठल्या ओळीवर थांबलाय हे ज्याला वाचता येत नाही, तो एआयने दिलेला आकडा कसा तपासणार?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जनगणनेची आकडेवारी स्वतः मांडावी. मराठीच्या विद्यार्थ्याने युनिकोडमध्ये लिहावं. जुन्या फाँटांत अडकलेल्या मजकुरात आज एक शब्दही धड शोधता येत नाही, हे नुकसान मला फार सलतं. या कामाला त्या त्या विषयाच्या पेपरात गुण हवेत. आणि तास संपला की कुलूप लागणारी महाविद्यालयाची संगणक लॅब संध्याकाळीही उघडी हवी, कारण कित्येकांना दुसरा संगणकच नाही.