तिसऱ्या बाळाचे दूध

‘पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध’ ही पाटी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचली नाही, अशी आई आपल्या धर्मग्रामांत सापडणे कठीण. पाटीवरील उपदेश खरा आहे. त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो पाटी लावणाऱ्याशी. ज्या सरकारने ती लावली, त्याच सरकारचा कायदा तिसऱ्या बाळाच्या आईला बारा आठवड्यांत कामावर बोलावतो.

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने नोकरदार स्त्रीला बारा आठवड्यांची पगारी रजा दिली, तेव्हा घरात आधी किती मुले आहेत, हे विचारले नव्हते. २०१७ साली ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. पाटीची आणि कायद्याची प्रथमच गाठ पडली. पण ती पहिल्या दोन अपत्यांपुरती! दोन मुले हयात असतील, तर पुढच्यासाठी बाराच आठवडे, आणि त्यांतले सहापर्यंत प्रसूतीपूर्वीच खर्ची पडू शकतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा भेद जसाच्या तसा उतरला. तिसऱ्या बाळाची भूक का निम्म्याहून कमी असते? लोकसंख्येचा धाक दाखवायचाच असेल, तर तो मोठ्यांना दाखवावा; पाळण्यातल्या जिवाचे दूध तोडून नव्हे.

सरकारने या विषयात पडूच नये, असे म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. परिचारिकेचा पोशाख घातलेल्या विक्रेत्या बायका गरीब देशांतल्या बाळंतिणींच्या हाती पावडरीचे फुकट डबे ठेवीत, हा इतिहास फार जुना नाही. आईचे दूध आटले की डबा विकत घेणे आले. तो परवडेना म्हणून पावडर पातळ करणे आले. आणि पाणी तर गढूळच. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत या जाहिरातबाजीविरुद्धची संहिता ११८ मतांनी संमत झाली. विरोधी मत एकच, अमेरिकेचे. भारताने १९९२ साली कायदा केला. फुकट नमुने बंद, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र बंद, मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. या कायद्याचा हात कोणावर पडतो, ते पाहावे. कारखानदारावर आणि विक्रेत्यावर. आईवर कुठेही नाही.

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१२ साली ही मर्यादा ओलांडली. त्यांच्या मोहिमेत सामील झालेल्या प्रसूतिगृहांत पावडरीचे डबे औषधांसारखे कुलपात गेले. मागणाऱ्या आईला डबा मिळे, पण आधी अंगावर पाजण्याचे महत्त्व ऐकून घ्यावे लागे. जिला दूधच येत नाही, जी कडक औषधांवर आहे, तिने ही मागणी हसतखेळत केलेली नसते. तिला ते व्याख्यान कशाला? (मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर ‘पाजत का नाहीस गं?’ असे चारचौघींत विचारणाऱ्या आपल्या मावश्या-आत्यांनीही हे मनावर घ्यावे.)

ख्रिस्तसभेचा सूर यापेक्षा वेगळा आहे. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्तनपानाचा गौरव केला, पण त्याच भाषणात मातांना वेळ, माहिती आणि आधार मिळत नाही, याकडेही बोट दाखवले. २०१४ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी सिस्टाईन चॅपेलमध्ये स्नानसंस्काराच्या वेळी, बाळे भुकेली असतील तर संकोच न करता पाजा, असे आयांना सांगितले.

वेळ! वसईहून सकाळची लोकल पकडून चर्चगेटला जाणाऱ्या आईला बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सुटी कायद्याने आहे. बाळ वसईला आजीपाशी. ती सुटी घेऊन तिने कोठे जावे? पाळणाघराची सक्ती पन्नास माणसे कामाला असतील तेथेच. आणि भाजीच्या पाट्या घेऊन मुंबई गाठणाऱ्या आपल्या बायांना तर रजा हा शब्दच लागू नाही.

निवडणूक आली की उमेदवार आपल्या चर्चच्या आवारात हात जोडून उभे राहतात, मातृत्वाविषयी चार गोड शब्द बोलतात. पुढच्या खेपेस त्यांना एवढेच विचारावे, की तिसऱ्या बाळाच्या राहिलेल्या चौदा आठवड्यांचे काय?