'प्रभाव' तबला वाजवत नाही, माणसे वाजवतात

१/ रॅडो 'बॉब' क्लोज हे नाव रॉकच्या अभ्यासकांना पाठ असते. पिंक फ्लॉइडच्या अगदी आरंभीच्या काळातला हा गिटारवादक शिक्षणासाठी १९६५ मध्येच बाहेर पडला. वाद्यवृंदाचा पहिला अल्बम आला ऑगस्ट १९६७ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर दोन वर्षांनी.

२/ तरीही इतिहासाने त्याला जपले. त्याचा सहभाग असलेली आरंभीची ध्वनिमुद्रणे २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाली. हे योग्यच झाले. परंतु हाच न्याय त्याच काळातील भारतीय वादकांना का मिळाला नाही?

३/ ११ एप्रिल १९६६, लंडन. बीटल्सच्या 'लव्ह यू टू' या गीताचे ध्वनिमुद्रण. तबल्यावर अनिल भागवत. मराठी कानाला हे आडनाव ओळखीचे वाटावे. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. त्याच गीतात तंबोरा छेडणाऱ्याचे नाव मात्र छापले गेले नाही.

४/ पुढच्याच वर्षी तेवढेही सौजन्य उरले नाही. १५ मार्च १९६७ रोजी 'विदिन यू विदाउट यू'साठी अंगडी दांपत्याच्या 'एशियन म्युझिक सर्कल'मधील वादक स्टुडिओत आले. या गीतात हॅरिसनखेरीज दुसरा एकही बीटल नाही. मधला वाद्यभाग दहा मात्रांच्या झपतालाच्या अंगाने जातो. वेष्टनावर या वादकांपैकी एकाचेही नाव नाही.

५/ अ‍ॅना जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा, नटवर सोनी. ही चार नावे एकत्रितपणे जगापुढे यायला २०१७ साल उजाडले. मध्ये पन्नास वर्षे गेली!

६/ यावर ठरलेला आक्षेप असा : स्टुडिओतील भाडोत्री वादकांची नावे त्या काळी कुणाचीच छापत नसत. हे बव्हंशी खरे आहे. याच गीतात आठ व्हायोलिन आणि तीन चेलो वाजवणारे लंडनचे अकरा वादकही वेष्टनावर नाहीत.

७/ परंतु त्या अकरा जणांची नावे स्टुडिओच्या नोंदींतून अभ्यासकांच्या हाती लागली. शिवाय निर्माते जॉर्ज मार्टिन यांना त्या व्हायोलिनवादकांकडून दिलरुब्याची मींड काढून घ्यावी लागली होती. अनुकरण करणाऱ्यांची नावे दप्तरात राहिली. ज्यांचे अनुकरण झाले, ते 'काही भारतीय वादक' म्हणून उरले.

८/ मुंबईही याला अपवाद नाही. १२ जानेवारी १९६८ रोजी येथील एचएमव्ही स्टुडिओत 'द इनर लाइट'चा संपूर्ण वाद्यभाग भारतीय वादकांनी वाजवला. हे गीत मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आले. बासरी कोणाची, शहनाई कोणाची, याविषयी आज वेगवेगळी पुस्तके वेगवेगळ्या याद्या देतात. नोंद वेळीच न केल्याची ही किंमत आहे.

९/ दोष केवळ इंग्रज लेखकांचा नाही. आपणही 'साठच्या दशकातील रॉकवर भारताचा प्रभाव' असे अभिमानाने लिहितो आणि तेथेच थांबतो. 'प्रभाव' हा शब्द सोयीचा आहे, कारण त्याला ना नाव असते, ना मानधन, ना तक्रार. देशाचा गौरव होतो आणि माणूस गाळला जातो.

१०/ गोंदिया जिल्ह्यातील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात 'ब्रिटिशांनी बांधली', हे वाक्य आपण असेच सहज उच्चारतो. घमेली वाहणारे हात त्या वाक्यात मावत नाहीत. वाक्यरचना तीच, विस्मरणही तेच.

११/ मागणी क्लोजला विसरण्याची नाही. काही महिन्यांच्या गिटारवादकाला इतिहासात जागा मिळते, हे चांगल्या इतिहासाचे लक्षण आहे. तीच काटेकोर दृष्टी तबला, तंबोरा आणि दिलरुबा यांच्याकडेही वळली पाहिजे.

१२/ म्हणून यापुढे 'भारतीय प्रभाव' असे लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : वाजवले कोणी? उत्तर ठाऊक असेल तर नाव लिहावे. ठाऊक नसेल तर ते शोधणे, हेच इतिहासाचे काम आहे.