मोळी कोणाची? 'फुकट' सरपणाचा दीडशे वर्षांचा हिशेब

१/ उन्हाळा सरत आला की भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या वाटांवर टिपलेले एक ठरावीक छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या बायका. खालचे अभिप्रायही ठरावीक असतात. 'फुकटचे लाकूड' हा एक, 'हेच लोक जंगल संपवतात' हा दुसरा. या दोन्ही वाक्यांना इतिहास आहे. ती लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असावा.

२/ आधी मोळीत काय असते ते पाहू. पश्चिम जुन्नर आणि आंबेगावातील महादेव कोळी व ठाकर घरांत माघापासून वैशाखापर्यंत पावसाळ्याची बेगमी चालते. आकडीने ओढलेल्या वाळक्या फांद्या, वाऱ्याने पडलेला फाटा, कारवीच्या काड्या, करवंदीची सुकलेली जाळी. लाकूड बहुधा मनगटाएवढे जाड असते, कारण तेवढेच कोयत्याने तुटते, दोरीत आवळता येते, चुंबळीवर पेलते आणि चुलीत शिरते. घेरदार खोड चुलीच्या कामाचे नाही. ते लागते वखारीला.

३/ याच डोंगरांत हिरड्याची झाडे आहेत. बाळहिरडा वेचून विकणे हे या पट्ट्यातील हजारो कुटुंबांचे रोकड उत्पन्न आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरडे उन्मळून पडले, तेव्हा नुकसानभरपाईसाठी याच लोकांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. ज्या घराचा वर्षाचा मीठमिरचीचा खर्च एका झाडावर चालतो, ते घर त्या झाडावर कोयता चालवत नाही. हे समजायला पर्यावरणशास्त्राची पदवी लागू नये.

४/ आता आज्ञापत्राकडे. झाडे तोडणाऱ्या गरिबाला दटावण्यासाठी हमखास पुढे केला जाणारा ग्रंथ हाच. रामचंद्रपंत अमात्यांच्या या अठराव्या शतकारंभीच्या ग्रंथात आरमाराच्या लाकडाविषयी प्रकरण आहे. आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, म्हणून ती तोडू नयेत, असे ते सांगते. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन न्यावे. बळजबरी करू नये.

५/ ही ताकीद कोणाला आहे? सरकारी कारखान्याला. सरपण वेचणाऱ्या रयतेला नव्हे. झाडावर रयतेचा जीव आणि हक्क दोन्ही आहेत हे धरून राज्यसत्ता येथे स्वतःच्या कुऱ्हाडीला आवर घालते. हाच उतारा मोळीवाल्या बाईच्या छायाचित्राखाली डकवणे म्हणजे ग्रंथ उलटा धरून वाचणे.

६/ याचा अर्थ इंग्रजांपूर्वी सारे आलबेल होते असाही नाही. गावगाड्यात मुक्कामाला आलेल्या अंमलदाराच्या चुलीपर्यंत लाकूड पोचवण्याचे काम वतनाच्या नावाखाली महारांच्या माथी होते. ते सरपणही 'फुकट' म्हणवले जाई, कारण वाहणाऱ्याला मजुरी मिळत नसे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे ही आणि अशा अनेक वेठी होत्या. 'फुकट' हा शब्द जेथे दिसेल तेथे कोणाची तरी पाठ वाकलेली आहे काय, हे पाहावे लागते.

७/ सुवर्णयुगाच्या शोधकांसाठी एक अवांतर. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत 'वसकार' म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी येते. तिच्याकडे धर्मदायाची रक्कम व्याजाने ठेवलेली आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी जंगलाच्या मालावर पोट भरणारा माणूस येथे ठेव सांभाळण्याइतका पतदार होता. आज त्याच तालुक्यात बांबूचा भारा वाहणाऱ्याला आधी परवाना विचारला जातो.

८/ मुख्य वळण १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांचे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढील बारा वर्षांत भोर आणि थळ घाट रुळांनी ओलांडले. रुळांखाली घालायला आणि इंजिनांत जाळायला लाकूड हवे होते. जंगल आटू लागल्याची सरकारची चिंता या भुकेने वाढली. इलाज मात्र खेड्यावर झाला.

९/ १८७८ च्या कायद्याआधी वनखात्यातच वाद झाला. पहिले वनमहानिरीक्षक डीट्रिख ब्रॅंडिस यांना गावांच्या हाती गावजंगले हवी होती. बेडन-पॉवेल यांचा पक्ष असा की लेखी पुरावा नसलेला वापर हा हक्कच नव्हे, ती राजाने खपवून घेतलेली सवलत. वादात जिंकला तो दुसरा पक्ष. गावजंगलाचे कलम कायद्यात राहिले, पण कागदापुरते.

१०/ 'हक्क' आणि 'सवलत' हा फरक नीट पाहावा. हक्क काढून घ्यायचा तर मोबदला द्यावा लागतो. सवलत एका परिपत्रकाने बंद होते. आंबेगावच्या डोंगरात पिढ्यानपिढ्या सरपण आणणाऱ्या बाईकडे लेखी सनद कोठून असणार? तिची आजी कोणत्या कचेरीत अर्ज करणार होती? जे कोणी कधी हिरावलेच नव्हते, त्याची सनद कोणी करून ठेवत नाही.

११/ गंमत अशी की हा न्याय सांगणाऱ्यांच्या मायदेशात १२१७ सालची वनसनद होती. राजाच्या राखीव रानातही सामान्य माणसाचे चराईचे व सरपणाचे सामायिक हक्क मानण्याची तेथील परंपरा त्या सनदेइतकी जुनी. पुढे युरोपातही हे हक्क खुडले गेले. १८४२ मध्ये कलोनच्या वृत्तपत्रात तरुण कार्ल मार्क्सने ऱ्हाईन प्रांतातील लाकूडचोरीच्या कायद्यावर लेखमाला लिहिली. झाडापासून गळून पडलेली काटकी उचलणे ही चोरी कशी, हा त्यातील प्रश्न. सह्याद्रीत तो प्रश्न ३६ वर्षांनी आला.

१२/ येथे तो विचारला जोतीराव फुल्यांनी. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते सांगतात की ज्यांचे शेतीवर भागत नसे, असे अल्पभूधारक पूर्वी रानातील फळे खाऊन आणि पाने, फुले, लाकूडफाटा विकून हातखर्चाचा पैसा जमवत. प्रचंड जंगलखाते उभे करून, डोंगर आणि गायराने त्यात घालून सरकारने हा आधार तोडला, हा त्यांचा आरोप. लक्षात घ्या, फुले केवळ घरच्या चुलीपुरते बोलत नाहीत. मोळी विकण्याचाही हिशेब ते मांडतात.

१३/ त्याच दशकात राबाचा प्रश्न पेटला. झाडांच्या टहाळ्या तोडून, वाळवून, शेणपाचोळ्यासह भाताची दाढ भाजायची ही घाटमाथ्यावरची आणि कोकणातली रीत. वनखात्याला ती नासधूस वाटली. ठाणे-कुलाब्यातील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. टहाळी तोडू द्यावी की नाही यावर साहेबांचा आयोग बसतो, यावरूनच तो प्रश्न किती घरांच्या भाताचा होता हे कळावे.

१४/ १९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे. त्याचे कलम ६९ प्रत्येकाने वाचावे. एखादा वनोपज सरकारचा आहे की नाही असा प्रश्न उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच आहे असे गृहीत धरायचे. म्हणजे बांधावरच्या बाभळीची फांदी घेऊन येणाऱ्या बाईनेच सिद्ध करायचे की ही काठी चोरीची नाही. वनोपजाच्या व्याख्येत हिरडा तर असा बसवला आहे की तो जंगलात सापडो वा अन्यत्र, वनोपजच.

१५/ आणि कलम ६८: गुन्ह्याची रक्कम घेऊन तडजोड करण्याचा अधिकार. गृहीतक सरकारच्या बाजूचे, अटकेचा अधिकार वॉरंटशिवाय आणि तडजोडीची मुभा. ही तिन्ही कलमे एकत्र वाचली की रानवाटेवर कोंबडी, तूप किंवा नोट कशी हात बदलत असेल याचा अंदाज यायला बखरीची गरज नाही.

१६/ १९३० साली महाराष्ट्रात हाच कायदा उघडपणे मोडला गेला. लोकनायक अणे यांनी १० जुलैला पुसदजवळ राखीव रानातील गवत कापले, २५ सप्टेंबरला चिरनेरला गोळीबार झाला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला, परदेशी कापडाचा ट्रक अडवताना, मुंबईत बाबू गेनू गेले. ते महाळुंगे पडवळचे, म्हणजे आंबेगावचेच. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचे नाव आहे. त्याच पाण्याने आंबेगाव हे तालुक्याला नाव देणारे गाव गिळले. गावे उठली, काही वर डोंगराकडे सरकली, आणि जे रान आधी लांब होते ते घराचे परसू बनले.

१७/ १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. शेकरू वाचावा याबद्दल दुमत नाही. मात्र १४ फेब्रुवारी २००० रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यांतून मेलेली, रोगट, वाऱ्याने पडलेली झाडे, वाहून आलेले लाकूड, गवत काढण्याचे आदेश देण्यास सरकारांना मनाई केली. रोख होता 'मेलेले झाड' या सबबीखाली होणाऱ्या तोडीवर. झळ बसली ती खरोखरच मेलेली फांदी वेचणाऱ्यांना.

१८/ मग जंगल संपवते कोण? याच अभयारण्याच्या शेजारच्या डोंगरपठारावर पवनचक्क्यांसाठी १९४.६६ हेक्टर वनजमीन वळती झाली. रस्त्यांसाठी हजारो झाडे गेली, उतार ढासळले. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात त्यावर कोरडे ओढले. त्या झाडांच्या मोळ्या बांधायच्या म्हटल्या तर आहुप्याच्या किती पिढ्या लागतील? त्या तोडीला परवानगी होती, एवढाच काय तो फरक.

१९/ प्रतिपक्षाचे खरे तेवढे मान्य करू. जेथे मोळी बाजारपेठेतील हॉटेलांना आणि भट्ट्यांना नियमित जाऊ लागते, तेथे ओली फांदीही तुटते. चुलीचा धूर फुप्फुसे जाळतो, त्यात काव्य काही नाही. २०१६ नंतर उज्ज्वलाचा सिलिंडर अनेक घरांत आला हे चांगलेच झाले. पण घाटातील संततधार पावसात आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, ओल्या कपड्यांना ऊब हे सारे सिलिंडरवर करणे हातावर पोट असलेल्या घराला परवडत नाही. पूर्वेकडे ऊस आहे, पाचट आहे, पण त्या उसात बिबट्याही आहे.

२०/ आता 'फुकट' या शब्दाची दुसरी बाजू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात माणूस काय काम करतो याचे संकेतांक असतात. ९३ हा संकेतांक घरकाम सांभाळून घरासाठी भाजी, कंदमुळे, सरपण, चारा 'मोफत गोळा करणाऱ्यांचा'. या संकेतांकातील व्यक्ती श्रमशक्तीत धरली जात नाही. पहाटे उठून डोंगर चढणारी, भरली मोळी घेऊन दुपारी उतरणारी बाई देशाच्या हिशेबात काम करत नाही.

२१/ दोन सरकारी कागद शेजारी ठेवून पाहा. एक म्हणतो, हे लाकूड उलट सिद्ध होईपर्यंत सरकारचे. दुसरा म्हणतो, हे श्रम श्रमच नव्हेत. वस्तू तिची नाही आणि कष्टही तिचे नाहीत. यानंतर जे उरते त्याला छायाचित्राखालचा अभिप्रायकर्ता 'फुकट' म्हणतो.

२२/ २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींवरील ऐतिहासिक अन्यायाची कबुली प्रस्तावनेतच दिली. गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंट स्पष्ट शब्दांत घातले आणि ते वेचण्याला, विकण्याला हक्क म्हटले. अभयारण्यातही. २००८ च्या नियमांत वाहतुकीची साधनेही आली: डोक्यावरचा भारा, सायकल, हातगाडी. १८७८ मध्ये जी सवलत ठरली होती ती १२८ वर्षांनी कायद्याच्या भाषेत पुन्हा हक्क झाली.

२३/ पण १९२७ चे कलम ६९ रद्द झालेले नाही. ग्रामसभेचा सामूहिक दावा उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीतून मंजूर होऊन हाती येईपर्यंत रानवाटेवर कोणता कायदा चालेल, हे वाटेवर उभा असलेला वनरक्षक ठरवतो. भीमाशंकरच्या शेकरूसाठी कळवळणाऱ्यांनी पुढचे छायाचित्र टाकण्याआधी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकावा: आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतून असे किती सामूहिक दावे आले, किती मंजूर झाले, आणि उरलेले कोणत्या टेबलावर किती वर्षे पडून आहेत.